मान, बाक्के आणि आपला 'च'

दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात येऊन आता चार वर्षं होतील. नवऱ्याची नोकरी इथे म्हणून मी इथे, आणि पहिले सहा महिने मला जी काही कोरियन येत होती ती सगळी सिरीयलमधून आलेली. त्यात सगळ्यात जास्त कानावर पडलेला शब्द म्हणजे 'चामकानमान्यो'. ज्यांनी एक जरी कोरियन सिरीयल बघितली असेल त्यांना हा माहीतच असणार, कोणीतरी रागाने निघून चाललेलं असतं आणि मागून दुसरं कोणीतरी हाक मारतं, चामकानमान्यो! म्हणजे एक मिनिट, थांबा जरा. मी तो अख्खा शब्द तसाच पाठ केला होता, लिफ्टचं दार बंद होताना वापरत होते, दुकानात पाकीट शोधताना वापरत होते, पण त्याच्या पोटात एक छोटासा शब्द दडलाय हे मला क्लास सुरू झाल्यावर कळलं. चामकान म्हणजे क्षणभर, शेवटचा यो म्हणजे बोलण्यातला आदर, आणि मधला तो 'मान', म्हणजे 'फक्त'. क्षणभरच हं, जास्त नाही.

आज त्या मानबद्दल लिहायचंय, आणि त्याच्याच घरातल्या दुसऱ्या एका शब्दाबद्दल, बाक्के. गेल्या महिन्याभरात दोन मैत्रिणींनी विचारलं की या दोघांमध्ये फरक काय, इंटरनेटवर तर दोन्हीचा अर्थ 'ओन्ली' दिलाय. मी व्हॉइस मेसेज करत बसले आणि तो नऊ मिनिटांचा झाला, म्हणून म्हटलं लिहूनच काढू.

(उच्चार देवनागरीत लिहितेय ते जवळपासचे आहेत. कोरियनमध्ये शब्दाच्या सुरुवातीला जो 'क' ऐकू येतो तोच दोन स्वरांच्या मध्ये आला की 'ग' ऐकू येतो, त्यांच्या लेखी अक्षर एकच. तसंच प आणि ब, च आणि ज. त्यामुळे मी एकदा असं आणि एकदा तसं लिहिलं तर ती चूक समजू नका.)

तर पहिला मान. तो नामाला मागून चिकटतो. मुल म्हणजे पाणी, मुलमान म्हणजे पाणीच. 'मुलमान माश्यॉयो', पाणीच पिते, म्हणजे चहा नाही कॉफी नाही. बघा, इथेच आपलं अर्धं काम झालं, कारण आपल्याकडे 'च' आहे. इंग्रजीतून शिकणाऱ्याला आधी 'ओन्ली' उचलून शब्दाच्या पुढून मागे न्यायला लागतो, आपल्याला काहीच हलवायला लागत नाही. पाणी-च, मुल-मान.

आणि एवढंच नाही, क्रमसुद्धा तोच. घरात असं म्हणायचं असेल तर आपण 'घर'ला आधी 'त' लावतो आणि मग 'च', घरातच. 'घरचात' कोणी म्हणत नाही. कोरियनमध्ये चिप म्हणजे घर, चिबेसॉ म्हणजे घरात, आणि घरातच म्हणजे चिबेसॉमान. मला म्हणजे चॉहान्थे, मलाच म्हणजे चॉहान्थेमान. आधी विभक्तीचं काम करणारा प्रत्यय, मग मान. पहिल्यांदा हे फळ्यावर बघितलं तेव्हा मला खरंच आतून आनंद झाला, इतक्या लांबच्या भाषेत कोणीतरी आपल्याच पद्धतीने पुडी बांधतंय असं वाटलं. कर्ता आणि कर्म दाखवणारे जे त्यांचे छोटे प्रत्यय आहेत ते मात्र मान आला की बहुतेक वेळा गळूनच जातात, तेवढं लक्षात ठेवायचं.

आणि ज्याच्यामागे मान लागेल त्याच्यावरच मर्यादा पडते. 'चॉमान किमचीरुल मॉगॉयो' म्हणजे मीच किमची खाते, घरात बाकी कोणी खात नाही. 'चॉनुन किमचीमान मॉगॉयो' म्हणजे मी किमचीच खाते, दुसरं काही खात नाही. इंग्रजी 'ओन्ली' वाक्याच्या मध्ये कुठेतरी उभा राहतो आणि तो कोणाबद्दल बोलतोय हे आवाजावरून ओळखायला लागतं. मराठी आणि कोरियन दोघी तो शब्दाला चिकटवूनच टाकतात, शंकाच नको.

क्रियापदावर मर्यादा आणायची असेल तर त्याचं आधी नाम करायचं, 'गी' लावून, आणि मग मान. उल्दा म्हणजे रडणं, 'उलगीमान हेस्सॉयो' म्हणजे नुसतीच रडत होती. हा 'नुसतं' मला फार आवडतो, आईच्या तोंडचा शब्द आहे, नुसतं बसून राहायचं, नुसतं बघायचं. इथे एका बाईंनी मला त्यांच्या सुनेबद्दल सांगितलं, मॉक्कीमान हेयो, आणि माझ्या कानात तो थेट मराठीत उतरला, नुसती खाते!

पण आता सावध. आपला 'च' दोन कामं करतो आणि मान त्यातलं एकच करतो. आपण 'मी येणारच' म्हणतो, 'तूच सांग', 'आजच घेतलं', 'हेच तर म्हणत होते मी'. यात कुठेही 'फक्त' नाहीये, यात जोर आहे. आणि सवयीने आपण तिथेसुद्धा मान लावून मोकळे होतो. मी क्लासमध्ये नवीन वही घेऊन गेले होते, सरांनी छान आहे म्हटलं, मला म्हणायचं होतं आजच घेतली, मी म्हटलं 'ओनुलमान सास्सॉयो'. त्याचा अर्थ होतो फक्त आजच्या दिवशी घेतली, इतर दिवशी नाही घेतली. वही काय रोज घेतं का कोणी? सर दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी मान काढून टाकून वाक्य परत म्हटलं, ओनुल सास्सॉयो, बस. जोरच द्यायचा असेल तर आधी 'पारो' लावा, पारो ओनुल, अगदी आजच. आणि 'मी येणारच' मधल्या 'च'साठी त्यांच्याकडे 'कोक' आहे, कोक कालकेयो, नक्की येईन. म्हणून मी आता एक करते, वाक्य आधी मराठीत मनात म्हणते, त्यातला 'च' काढून तिथे 'फक्त' ठेवून बघते. अर्थ टिकला तर मान. बिघडला तर तो जोराचा 'च' आहे, मान नको. 'फक्त' आणि 'च' दोन्ही एकत्र बसत असतील, फक्त तूच, तर त्यालाही त्यांच्याकडे जोडी आहे, ओजिक नॉमान. ओजिक पुढे, मान मागे, आपल्यासारखंच.

मानचं अजून एक काम आहे जे पुस्तकात दोन ओळींत उरकतात आणि रस्त्यावर मात्र दिवसभर ऐकू येतं. सुवॉनमध्ये ह्वासॉंगचा जुना किल्ला आहे, १७९४ ते १७९६ या काळात बांधलेला, आणि त्याच्या दक्षिणेच्या दरवाजाला, पालदालमुनला, लागूनच जुने बाजार आहेत. तिथे रस्त्याच्या कडेला आज्या भाजी घेऊन बसतात. एका आजीकडे मी पालक घेत होते, तीन हजार वॉन म्हणाली, माझ्या पुढच्या बाईने मान थोडी वाकडी करून म्हटलं, छॉनवॉनमान काक्का जुसेयो. हजार वॉन फक्त कमी करा ना. यातला मान म्हणजे मर्यादा खरी, पण त्याहून जास्त ती विनवणी आहे, मी फार काही मागत नाहीये, एवढंच. हान बॉनमान, एकदाच. चोगुममान, जरासंच. चोगुममान किदार्यॉ जुसेयो, थोडंसंच थांबा. आपण कसं म्हणतो, एवढंच काम करा हो माझं, यात 'एवढंच' हा आकडा नसतोच, समोरच्यावरचं ओझं हलकं करण्यासाठी असतो. आजीने हजार वॉन काही कमी केले नाहीत, पण वर मूठभर पालक टाकला पिशवीत.

(त्यात गंमत अशी की दहा हजारालाही कोरियनमध्ये मानच म्हणतात. राजा सेजोंगचं चित्र असलेली हिरवी नोट ती मान वॉन, म्हणजे 'फक्त दहा हजार द्या' हे मान वॉनमान जुसेयो. आणि तीन वर्षांनी भेटलो यातला जो मान आहे, साम न्यॉन माने, तो तिसराच, तो काळ उलटल्याचा मान, लिहिताना आधी जागा सोडून लिहितात. खूप दिवसांनी भेटल्यावर म्हणायच्या ओरेनमानियेयो मध्येही तोच आहे. या तिघांचा एकमेकांशी संबंध लावायला जाऊ नका, मी गेले होते, आठवडा वाया गेला.)

आता बाक्के. याच्यासाठीच खरं तर हे सगळं लिहितेय.

पाक म्हणजे बाहेर, आणि ए म्हणजे तिथे. पाक्के, बाहेर. नामाला चिकटून आलं की बाक्के, म्हणजे 'त्याच्या बाहेर', आणि याची अट अशी की वाक्याच्या शेवटी नकार यायलाच पाहिजे. मुलबाक्के ऑप्सॉयो. शब्दाला शब्द ठेवला तर, पाण्याबाहेर नाही. म्हणजे पाण्याशिवाय काही नाही. म्हणजे पाणीच आहे. टोपिकच्या, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेत रिकाम्या जागा भरताना याचा फार उपयोग होतो, वाक्याच्या शेपटीला ऑप्सॉयो, आन, मोत किंवा मोल्लायो यातला नकाराचा शब्द दिसला आणि पर्यायात बाक्के असेल तर हात आपोआप तिकडे जातो. पुण्यात जपानी शिकलेले खूप लोक आहेत, त्यांना 'दाके' आणि 'शिका' आठवतील, हुबेहूब तीच जोडी, शिकालाही नकार लागतोच.

आमच्या क्लासमध्येही हे असंच शिकवलं, नकार असेल तर बाक्के. सरकारी कोर्स होता तो, परदेशातून आलेल्यांसाठी, शून्य ते पाच पायऱ्यांचा, आणि माझ्या बाकावर व्हिएतनामची आणि उझबेकिस्तानची अशा दोघी. आम्हा तिघींची सामाईक भाषा म्हणजे मोडकं इंग्रजी आणि मोडकं कोरियन, त्यामुळे वहीत मी सगळे अर्थ इंग्रजीतच लिहायचे. मान, ओन्ली. बाक्के, ओन्ली, नकारासोबत. आणि या एका ओळीने पुढच्या रविवारी काय केलं ते सांगते.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहतात. मी त्यांना हालमॉनी म्हणते, सगळेच म्हणतात. मुलगा बुसानला, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मी आल्यापासून त्या मला जिन्यात भेटल्या की काही ना काही हातावर ठेवायच्या, रताळं, संत्रं, भाजलेलं किम, म्हणजे समुद्री शेवाळाचे पातळ कागद. एकदा त्यांनी जेवायला बोलावलं आणि मेसेजमध्ये विचारलं, तू काय काय खातेस. आमच्या घरी माळ आहे, मी मांस खात नाही. मला लिहायचं होतं की मी फक्त मांस तेवढं खात नाही, बाकी भाज्या, तिखट, सगळं चालतं. मी वही उघडली. वाक्यात 'ओन्ली' आहे. वाक्यात नकार आहे. म्हणजे बाक्के. आणि मी लिहिलं, कोगीबाक्के आन मॉगॉयो.

कोगी म्हणजे मांस. तुम्ही आता मराठीत लावून बघा. मांसाबाहेर खात नाही. मांसाशिवाय काहीच खात नाही.

मी गेले तेव्हा टेबलावर जागा नव्हती. बुलगोगी, मांसाच्या छोट्या टिक्क्या, बरगड्यांचं सूप, आणि शेवाळाचं जे साधं सूप असतं त्यातसुद्धा बीफ घातलेलं. सकाळी सहाला उठून केलं होतं त्यांनी. पंच्याहत्तरीच्या पुढचं माणूस. मी चपला काढून आत आले आणि नुसती उभी राहिले, त्यांनी पाट सरकवावा तशी बसायची गादी सरकवली आणि म्हणाल्या, खा खा, तुझ्या आवडीचंच आहे सगळं. मला रडूच आलं. जे काही शब्द येत होते त्यात सांगितलं, हालमॉनी, मी मांस खात नाही, कधीच खाल्लेलं नाही, आमच्या घरात कोणीच खात नाही. त्यांनी फोन उचलला, चष्मा लावला, माझा मेसेज परत वाचला आणि माझ्यापुढे धरला. "अगं, कोगीबाक्के आन मॉंगनुनदाम्यॉ?" मांसाशिवाय काही खात नाही असं लिहिलंयस ना तू?

त्यांच्या आवाजात राग नव्हता, हे मला अजून आठवतं. त्या खरंच विचारत होत्या.

मग त्या उठल्या, फ्रीजमधून तुबू, म्हणजे टोफू, काढला, तव्यावर तेल टाकून त्याच्या चकत्या परतल्या, सोयाबीनच्या मोडांची वाटी पुढे केली, भात, किम. आणि मी खात असताना भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुनं पान फाडून आणलं, पाठीमागे पेनने एक गोल काढला. गोलाच्या आत लिहिलं कोगी. मग बोट गोलाच्या बाहेर फिरवलं, सगळीकडे, कागदाच्या कडेपर्यंत, आणि म्हणाल्या, इथे काही नाही. ऑप्सॉ. हे बाक्के. मग दुसरा गोल काढला, आत परत कोगी, आणि यावेळी आतल्या कोगीवरच काट मारली, आणि बाहेर, गोलाच्या चारी बाजूंना, लिहीत गेल्या, पालक, तुबू, भात, बटाटा, मशरूम. हे मान. कोगीमान आन मॉगॉयो. मांस तेवढं खात नाही. असं म्हण.

दोन्ही वाक्यांमध्ये एका छोट्या शब्दाचा फरक, आणि अर्थ एकमेकांच्या बरोब्बर उलटे. तो कागद माझ्याकडे अजून आहे, फ्रीजवर लावलाय, कडेला तेलाचा डाग आहे त्याच्यावर.

त्या रात्री मी वही घेऊन बसले आणि सगळे 'ओन्ली' खोडले. कारण मला कळून चुकलं होतं की हे दोन्ही मला आधीपासून येत होतं. शाळेत पाचवी सहावीत शब्दयोगी अव्ययं पाठ करायला लावायचे आठवतंय का, कैवल्यवाचक म्हणजे च, मात्र, फक्त, केवळ, आणि व्यतिरेकवाचक म्हणजे शिवाय, खेरीज, विना, वाचून, व्यतिरिक्त. मान कैवल्यवाचक. बाक्के व्यतिरेकवाचक. मराठीत कोणी चुकूनही 'मांसाशिवाय काही खात नाही' असं म्हणेल का, जेव्हा त्याला 'मांस तेवढं नको' म्हणायचंय? तीन वर्षांचं पोरगं पण नाही चुकणार. मी चुकले कारण मी मराठीतून कोरियनमध्ये जायच्या ऐवजी मध्ये इंग्रजीच्या स्टॉपवर उतरले होते, आणि त्या स्टॉपवर या दोन्ही शब्दांना एकच पाटी आहे. इंग्रजी वाईट असं म्हणत नाहीये मी, तिच्यात ही विभागणी त्या जागी नाही इतकंच. आपल्यात आहे, मग आपण ती का वापरायची नाही? वहीत मराठी अर्थ लिहायला आपल्याला लाज का वाटते हे मला खरंच कळत नाही, मलाही वाटायची. आता लिहिते.

तसं मराठीतून लावलं की बाक्केची पुढची गोष्टही आपोआप कळते, ती म्हणजे त्यातली कमतरता. मान तटस्थ आहे. छॉनवॉनमान इस्सॉयो, हजार वॉन आहेत, तेवढेच आहेत. पण छॉनवॉनबाक्के ऑप्सॉयो म्हटलं की बोलणाऱ्याचा हात खिशात दिसतो, हजार वॉनशिवाय काही नाही हो माझ्याकडे. पुरणार नाहीयेत. हानाबाक्के आन नामास्सॉयो, एकच उरलंय, म्हणजे जास्त उरायला हवं होतं. कोणी विचारलं कोरियन येतं का तर इथे राहणारा प्रत्येक परदेशी माणूस जे वाक्य म्हणतो ते म्हणजे चोगुमबाक्के मोथेयो, थोडंफारच येतं, थोड्याच्या पलीकडे नाही येत.

आणि याचा बरोबर उलटा त्यांच्याकडे 'इना' आहे. तीन तास झोपले यात से सिगानबाक्के म्हटलं तर जेमतेम तीन तास, से सिगानीना म्हटलं तर तब्बल तीन तास. घड्याळ तेच, फक्त बोलणाऱ्याला ते कमी वाटलं की जास्त एवढंच बदललं. 'अवघे' आणि 'तब्बल' हे शब्द आपल्या पेपरवाल्यांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेत, पण इना शिकताना मला ते नव्याने कामाला आले.

दोन तीन ठिकाणी मात्र मराठीही साथ सोडते, तेही सांगून टाकते. एक म्हणजे बाक्के मागणीत चालत नाही. 'पाण्याशिवाय काही देऊ नका' आपण म्हणू शकतो, कोरियनमध्ये तिथे सरळ मुलमान जुसेयो, पाणीच द्या. दुसरं, 'मी फक्त एक विद्यार्थिनी आहे' यासारख्या वाक्यात, जिथे 'आहे' म्हणजे ओळख सांगायची आहे, तिथे बाक्के नाही बसत, तिथे तिसरा शब्द येतो, पुन. हाकसेंगिल पुनियेयो. पुनबद्दल परत कधीतरी. तिसरं, लिहिताना बाक्के आधीच्या शब्दाला चिकटून लिहायचं, कारण जागा सोडली की तो परत खराखुरा 'बाहेर' होतो. चिकटून लिहिलं तर 'घराशिवाय काही नाही', सोडून लिहिलं तर 'घराबाहेर नाहीये'.

आणि बाक्केचं माझं सगळ्यात आवडतं रूप, ते म्हणजे सूबाक्के. सू म्हणजे मार्ग, शक्यता. काल सूबाक्के ऑप्सॉस्सॉयो. जाण्याच्या मार्गाबाहेर काही नव्हतं. म्हणजे काय, जाण्यावाचून गत्यंतर नव्हतं! गत्यंतर म्हणजे दुसरी गती, दुसरी वाट. ती नाही. कोणीतरी सातारा जिल्ह्यात बसून आणि कोणीतरी कोरियात बसून एकमेकांना न विचारता तेच वाक्य बांधलंय, वाट, बाहेर, नाही. क्लासमध्ये हे आलं तेव्हा बाकीचे सगळे तोंड वाकडं करून पाठ करत होते आणि मी मनात म्हणत होते, वाचून गत्यंतर नाही, वाचून गत्यंतर नाही.

माणसाबद्दल बोलतानाही हा बाक्के वापरतात, आणि तिथे तो आकड्यांपेक्षा फार खोल जातो. चागीबाक्के मोरुनुन साराम, स्वतःपलीकडे काही न कळणारा माणूस, म्हणजे स्वार्थी. कोंगबूबाक्के मोल्लायो, अभ्यासापलीकडे काही ठाऊक नाही त्याला, यात कौतुकही असू शकतं आणि काळजीही. आपल्याकडे 'पलीकडे'च म्हणतात ना, घर आणि शेत यापलीकडे त्यांनी काही बघितलं नाही. बाहेर, पलीकडे, शिवाय. हालमॉनीचा गोल आणि त्याच्या बाहेर फिरणारं बोट.

गेल्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याकडे किमजांग होतं, म्हणजे हिवाळ्यासाठी सगळी किमची एकदम घालून ठेवतात ते. २०१३ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली प्रथा आहे ही, पण आमच्या इमारतीत ती म्हणजे मोरीत उकिडवं बसून मिठातला कोबी धुणं. दरवर्षी बुसानहून मुलगा सून येतात, यावेळी त्यांना सुट्टी मिळाली नाही. कोबी तर येऊन पडला होता, तीस गड्डे. मी सकाळी खाली गेले ती संध्याकाळपर्यंत तिथेच. कोबी धुतला, निथळत ठेवला, मुळा किसला, मग त्यांनी मसाला कालवला, आणि कालवताना एक पातेलं बाजूला ठेवलं, त्यात मासळीची चटणी न घालता वेगळा मसाला केला. मी विचारलं हे कोणासाठी, तर माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, तू कोगीमान आन मॉक्ता ना, पण मासा म्हणजे मुलकोगी, पाण्यातली कोगी, तोही आलाच की त्यात.

शेवटचा डबा भरून झाला तेव्हा बाहेर अंधार पडला होता. त्यांनी हातातले लाल झालेले रबरी हातमोजे काढले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, नॉबाक्के ऑप्ता.

नॉ म्हणजे तू.

रात्री आईला फोनवर सांगत होते, आज आजी असं म्हणाल्या. आईने विचारलं म्हणजे काय गं. मी म्हटलं, तुझ्याशिवाय आहे कोण मला. आई थोडा वेळ काहीच बोलली नाही, मग म्हणाली, आणि तू त्यांना एकटीला सोडून वर आलीस होय, जा खाली, त्यांच्याबरोबर दोन घास खाऊनच ये.

गेले मी. दार उघडल्यावर म्हटलं, हालमॉनी, आई म्हणतेय तुमच्याबरोबर जेवूनच यायचं. हा 'च' मानचा नाही, हे एव्हाना मला पक्कं माहीत होतं. मी म्हटलं, कोक.